पहिल्या पावसाचा वाटा

जूनचा पहिला दणकून पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या मागच्या दारी हाक येते, "वयनी, पातेलं घे!" दार उघडावं तर चुलत दीर नखशिखांत भिजलेले, खांद्यावर पाग आणि हातात जड पिशवी. पिशवीत वलगणीचे मासे!

माझं माहेर मालवणचं. सुरमई, बांगडा, सरंगा यांवर वाढलेली मी. लग्न होऊन बदलापूरला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात नाक मुरडून म्हणून बसले, "नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो बाई." सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत! तेव्हा कळलं, की या घरी मासळीला नावं ठेवणं म्हणजे घराण्याला नावं ठेवणं. हळूहळू मीही शिकले. शिवडा, मरळ, वाम, शिंगटी ही नावं पाठ झाली आणि जिभेला चवही लागली.

ज्यांना ठाऊक नाही अशा मैत्रिणींसाठी सांगते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली आपली उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. पहिल्या पावसाने तिला लाल पाणी आलं, की ओढे भरतात आणि भातखाचरं तुडुंब होतात. त्या वेळी नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात. याला इकडे वलगण म्हणतात, कुठे चढणीचे मासे म्हणतात. हे चढणं असतं अंडी घालण्यासाठी. खाचरातलं पाणी उथळ, संथ. पिल्लांना खायला भरपूर आणि मोठ्या माशांचं भय कमी. बाळंतपणाला माहेरीच निघालेल्या म्हणा ना! आणि नेमक्या त्याच रात्री बॅटऱ्या, पाग आणि कामट्यांचे सापळे घेऊन माणसं बांधावर उभी असतात. मासा दमलेला, पाणी उथळ. त्यामुळे नुसत्या हातानेही धरता येतो.

दोन वर्षांपूर्वी अशीच पिशवी आली. मी विळीवर बसले होते. एकेका माशाच्या पोटातून गाभोळी निघत होती आणि सासूबाई खुशीत ती वेगळ्या वाटीत काढत होत्या. चौथीतला आमचा मुलगा शेजारी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "आई, ही अंडी घालायलाच निघाली होती ना? तूच शाळेत शिकवलंस." माझा हात थांबला. शाळेत मी अर्धा दिवस शिकवते, आणि खरंच ‘प्राण्यांचं जीवनचक्र’ हा धडा मीच घेतला होता. सासूबाई म्हणाल्या, "तुझी शाळा माशाच्या डोक्यावर नको आणूस. आमच्या सात पिढ्या हेच खात आल्या." मी गप्प बसले, मासे शिजवले, आम्ही सगळ्यांनी ते खाल्लेही. पण घास काही नेहमीसारखा उतरला नाही.

सातासमुद्रापलीकडचा मासा

त्याच सुमारास अमेरिकेहून नणंदेचा फोन आला. ती मिनेसोटा राज्यात असते. तिथे मिल लॅक्स नावाचं प्रचंड तळं आहे, पाचशे चौरस किलोमीटरांहून मोठं. यजमानांबरोबर ती मासेमारीला गेली होती. तिथली तऱ्हा वेगळी. होडी अगदी धिम्या गतीने चालवत राहायचं आणि मागे लांब दोऱ्यांना खोटे, रंगीत मासे लावून ते पाण्यातून ओढत न्यायचे. खरा मासा समजून ‘वॉलआय’ त्यावर झडप घालतो. हा त्या राज्याचा मानाचा मासा. डोळे काचेच्या गोट्यांसारखे, अंधारात चमकणारे. कमी उजेडातही त्याला छान दिसतं, म्हणून संध्याकाळी तो हमखास लागतो.

मला मासेमारीपेक्षा तिचं पुढचं बोलणं लक्षात राहिलं. तिथे बर्फ वितळलं, की वॉलआय अंडी घालतो. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत तो धरायला बंदी! त्यानंतरही परवाना लागतो आणि दिवसाला किती मासे घ्यायचे याला मर्यादा असते. "बंदी उठते तो दिवस इथे सणासारखा असतो," असं ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, आपली नारळी पौर्णिमा तरी दुसरं काय?" खरंच आहे की! आपल्याकडे समुद्रात यांत्रिक नौकांना जून-जुलैत मासेमारी बंद असते. माझे माहेरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवत आले. मग समुद्राच्या माशाला विसावा आणि नदीच्या माशाला तो का नको?

सिंधूचा पल्ला

आमच्या शाळेत उल्हासनगरहून येणाऱ्या एक सिंधी बाई आहेत. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला या नदीवरूनच उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधी लोकांचे झुलेलाल तसबिरीत माशावर बसलेले असतात, तो मासा म्हणजे पल्ला, आपण पाला म्हणतो तोच. बाई सांगत होत्या, त्यांच्या आजेसासूबाईंना शेवटपर्यंत सिंधूच्या पल्ल्याची आठवण येई. हा पल्लाही समुद्रातून नदीत शिरून अंडी घालायला वर चढणारा. पुढे १९५५ साली तिकडे कोट्री बंधारा झाला आणि त्याची वरची वाटच अडली. बाई म्हणाल्या, "आमचं गाव सुटलं, आणि माशाचंही."

लांब कशाला जायचं? १०६० सालचं अंबरनाथचं शिवमंदिर ज्या वालधुनी नदीच्या काठी उभं आहे, तिच्यात सांडपाणी आणि कारखान्यांची घाण मिसळून तिची काय दशा झाली, ते लोकलच्या खिडकीतूनही कळतं. तिथे कुणी गळ टाकेल का? उल्हासात अजून मासा चढतो आहे, हे आपलं भाग्य. पण खाचरांवर इमारती उभ्या राहात आहेत. चढणाऱ्या माशाला पोहोचायला जागा कमी, आणि धरणारे हात मात्र वाढलेले.

मग आमच्या घरी काय ठरलं?

गेल्या वर्षी मे महिन्यातच मी सासूबाईंजवळ विषय काढला. वाद घातला नाही, नुसतं विचारलं, "आई, तुमच्या लहानपणी एका रात्रीत किती मिळायचे?" त्या म्हणाल्या, "टोपलीभर." "आणि आता?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता पिशवी." आणि थोड्या वेळाने, "एकदाच आणू. पहिल्या पावसाचा एकच वाटा. पुढे श्रावण सरेपर्यंत नाही." मला वाटलं होतं, त्या कायमचंच बंद करतील, पण मालवणहून आलेल्या सुनेसाठी सत्तरीच्या बाईने एवढं केलं, हे थोडं नाही. दिरांनीही पोटुशी मोठी मादी जाळ्यात आली तर सोडायचं कबूल केलं आहे. पाळतात की नाही, ते नदीलाच ठाऊक!

मन मोडायचं नसेल, तर पर्याय आहेच. १९७२ साली बांधलेल्या बारवी धरणासारख्या जलाशयांतले रोहू, कटला, मृगळ घ्यावेत. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. हॅचरीत तयार केलेली बोटुकली सोडून ते वाढवतात, त्यामुळे ते खाताना जीव कचरत नाही. चिलापीही खुशाल खावा. तो १९५२ साली परदेशातून आपल्याकडे आणलेला, आणि भलताच वाढणारा!

घेताना आणि करताना

कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर येणारं असावं. घरात लहान मुलं असतील तर दीड-दोन किलोंच्या माशाचे तुकडे घ्या. लहान रोहूत बारीक काटे फार. मरळीला काटे कमी. पोटातलं काळं अस्तर खरवडून काढा, निम्मा वास तिथेच जातो. मग मीठ-हळद चोळून, चिंचेच्या कोळात किंवा लिंबाच्या रसात वीस मिनिटं ठेवून धुवा.

कालवणासाठी दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून तेलात लाल करा. हळद, दोन चमचे घरचा मसाला आणि चिंचेचा कोळ घालून उकळी आणा. चार तुकडे कैरीचे मिळाले तर उत्तमच. मासे सोडून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. डाव फिरवू नका, टोप नुसता हलवा. वरून कोथिंबीर. सोबत तांदळाची भाकरी.

यंदाही तो एक वाटा आला. सासूबाईंनी गाभोळीची वाटी नातवापुढे सरकवली. त्याने ती परत त्यांच्याकडे सरकवली. "आजी, तूच खा. तुझी एकदाचीच आहे." सासूबाई हसल्या, आणि अर्धी वाटी माझ्या ताटात वाढली.