पोर वांड नाही, त्याला आवरत नाही

गेल्या जूनमध्ये आमच्या वाडीतील एक माउली आपल्या पोराला घेऊन आमच्या दारात आली. “भावोजी, ह्याला तुम्हीच चार शब्द सांगा. एका जाग्यावर बसत नाय. शाळेतनं रोज तक्रार.” पोरगा तिसरीतला. आम्ही विचारले, “काय रे, वर्गात काय करतोस?” उत्तर देता देता त्याने आमच्या पेनाचे टोपण काढले, रिफिल काढली, स्प्रिंग उडवली आणि उत्तर अर्धेच राहिले. खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हालाही वाटले की याला रट्टे कमी पडले असावेत.

रट्टे कमी पडलेले नव्हते. ते घरी मिळत होते, शाळेतही मिळत होते. शेजारच्या आजींनी तर ‘बाहेरचे’ आहे म्हणून भगताकडे न्यायला सांगितले होते.

डॉक्टर या विकाराला ए.डी.एच.डी. म्हणतात. अतिचंचलता म्हटले तरी चालेल. हा काही आजकालचा शोध नव्हे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन केले होते. मेंदूचा जो भाग ‘थांब, आधी विचार कर’ असे सांगतो, तो या मुलांत उशिरा तयार होतो. पुष्कळदा हे आनुवंशिक असते. शंभरात साधारण पाच मुलांना हा त्रास असतो. तो आईच्या लाडाने होत नाही की कुणाच्या करणीने होत नाही. मूल मंदबुद्धी असते असेही नाही. पण आपल्या वस्तीतल्या पोरावर ‘डोके नाही’ हा शिक्का लवकर बसतो. मग नववीत शाळा सुटते आणि पोर मिरकरवाड्याच्या बंदरावर नाहीतर आंब्याच्या पेट्या भरायला जाते.

अर्थात प्रत्येक खोडकर मूल आजारी नसते. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, सहा महिन्यांहून जास्त टिकावी लागतात आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसावी लागतात. रक्त तपासून हे कळत नाही. डॉक्टर आईबापांना आणि गुरुजींना विचारूनच ठरवतात. मुलींच्या बाबतीत जास्त जपावे. त्या उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

डॉक्टरकडे जायचे म्हटल्यावर या मुलाचे वडील बिथरले. “पोराला येड्यांच्या इस्पितळात नेऊ?” रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे, त्याची धास्तीही तितकीच जुनी. त्यांना समजावण्यात दोन महिने गेले. खरे तर सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळेत येणारे डॉक्टर ज्या गोष्टी तपासतात, त्यांत हाही विकार आहे. ते पथक आले की पालकांनी आपणहून सांगावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, तोही मराठीत.

मोठ्या मुलांना गरज पडल्यास डॉक्टर गोळ्या देतात. त्या झोपेच्या नव्हेत, पण भूक कमी होऊ शकते. म्हणून स्वतःच्या मनाने सुरूही करू नयेत, बंदही करू नयेत. लहानांसाठी पहिले औषध म्हणजे घरची रीत. एका वेळी एकच काम सांगावे, तेही जवळ जाऊन, नाव घेऊन. एका खोलीच्या घरात वेगळी जागा कुठली? पोराला भिंतीकडे तोंड करून बसवावे, टीव्ही बंद करावा, दहा मिनिटे अभ्यास झाला की हंडाभर पाणी आणायला पाठवावे. काम पुरे केले की तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. रात्री दिलेली शाबासकी त्याला पोचत नाही.

आणि मारू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील मारहाणीला बंदी आहे. गुरुजींशी भांडायला मात्र जाऊ नये. आम्ही त्या आईबरोबर शाळेत गेलो आणि एवढेच मागितले की पोराला पहिल्या बाकावर बसवा आणि फळा पुसायचे काम त्याच्याकडे द्या. बाईंनी ते केले.

यंदा तो चौथीत आहे. तक्रारी येतात, पण रोज नाही. गणित पुरे करतो. छत्री मात्र या पावसाळ्यात दोनदा हरवली. तिसरी आईने दोरीने दप्तराला बांधून दिली आहे.