इंजिन ऑइल किती तापतं? : एअर-कूल्ड मोटरसायकल आणि संशोधनाचा प्रश्न

पेट किंवा नेट झाल्यावर पहिला धक्का बसतो तो विषय निवडताना. गाईड म्हणतात, "प्रॉब्लेम स्टेटमेंट घेऊन ये." आणि आपण घेऊन जातो ते असं काहीतरी: "एअर-कूल्ड मोटरसायकलच्या इंजिन ऑइलचं तापमान कमी करणे." ऐकायला बरं वाटतं, पण हा अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नाही. कमी म्हणजे किती, कुठलं तापमान, आणि ते कमी का करायचं? या तिन्हींची उत्तरं शोधायला लागलं की विषय खरा उलगडतो. आज तेवढंच करू.

आधी उष्णता जाते कुठे ते बघा. ढोबळ हिशेबाने पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमी भाग चाकापर्यंत जातो, तितकाच सायलेन्सरमधून बाहेर पडतो, आणि उरलेला सिलिंडर, हेड, पिस्टन या धातूत शिरतो. कारमध्ये तो कूलंट घेऊन जातो. एअर-कूल्ड गाडीत ते काम दोघांचं: बाहेरून फिन्सवरून जाणारा वारा, आणि आतून ऑइल. पिस्टनच्या पोटाला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला वारा लागत नाही. तिथली उष्णता ऑइलच उचलतं आणि खाली सम्पमध्ये आणतं. म्हणजे ऑइल हे नुसतं वंगण नाही, ते कूलंटसुद्धा आहे.

फिन्सवर अभ्यास भरपूर झालाय, आणि तो जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिब्सन आणि हेरॉन यांनी इंग्लंडमधल्या फार्नबरोला विमानांच्या एअर-कूल्ड सिलिंडरवर काम केलं. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेतल्या एन.ए.सी.ए. या संस्थेच्या बीअरमन आणि पिंकेल यांनी वाऱ्याच्या झोतात फिन्सवाले सिलिंडर ठेवून मोजमापं केली. आजच्या मोटरसायकलवरच्या पेपरमध्येही या जुन्या कामातलं एक सूत्र सापडतं. त्या सूत्रात उष्णता वाहून नेण्याचा गुणांक हवेच्या वेगाच्या ०.७३ घाताप्रमाणे वाढतो. (नव्वद वर्षांपूर्वीचा रिपोर्ट वाचायला कंटाळू नका, त्यातले आलेख आजच्या कित्येक पेपरपेक्षा स्वच्छ आहेत.)

आता हा ०.७३ हातात घेऊन थोडं खेळू. वेग ताशी २० वरून ६० किमी केला, म्हणजे तिप्पट, तर गुणांक साधारण सव्वादोन पट होतो. गाडीला फायदा. पण ६० वरून १२० केला तर गुणांक वाढतो जेमतेम १.६६ पट, आणि हवेचा विरोध कापायला लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे आठपट. आठपट शक्ती काढायची तर पेट्रोल तितकं जाळावं लागणार, उष्णता तितकी तयार होणार. त्यामुळे ऑइल दोन टोकांना तापतं: ट्रॅफिकमध्ये रांगताना आणि हायवेवर पूर्ण पिळताना. मधल्या वेगाला ते सर्वांत सुखात असतं. "गाडी पळवली की थंड होते" हे अर्धंच खरं आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. समजा १५० सीसीचं इंजिन आहे, धातूचं वजन २५ किलो धरू, ऑइल एक लिटर. धातूची उष्णताधारकता साधारण ०.७ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरली तर झाले १७.५ किलोज्यूल प्रति अंश. ऑइलची? ०.८६ किलो गुणिले २.१, म्हणजे सुमारे १.८. सगळ्या उष्णतासाठ्यात ऑइलचा वाटा जेमतेम एक दशांश! ऑइल धातूच्या मागे मागे चालतं, धातू ऑइलच्या मागे नाही. म्हणूनच "२०० मिली जास्त ऑइल भरलं की इंजिन थंड राहतं" हा गॅरेजमधला सल्ला हिशेबात टिकत नाही. तापायला थोडा वेळ जास्त लागेल एवढंच, शेवटचं तापमान जवळपास तेच. शिवाय जास्त भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो, त्याची उष्णता वेगळीच.

आता धरून चाला की हे इंजिन २ किलोवॅट उष्णता वाऱ्याला देतंय आणि हवेपेक्षा ८० अंश वर जाऊन स्थिरावतं. म्हणजे प्रत्येक अंशाला २५ वॅट. एकूण १९.३ किलोज्यूल भागिले २५ वॅट, उत्तर येतं साधारण १३ मिनिटं. हा झाला टाइम कॉन्स्टंट. पूर्ण स्थिर व्हायला त्याच्या तिप्पट, म्हणजे ४० मिनिटांच्या आसपास. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या इंजिनचे वेगळे येतील. पण क्रम हाच.

याचा परिणाम बघा. दुचाकींच्या उत्सर्जन चाचणीसाठी आपल्याकडे आधी जी भारतीय ड्रायव्हिंग सायकल वापरायचे ती १०८ सेकंदांची, सहा वेळा, म्हणजे एकूण ६४८ सेकंद. अकरा मिनिटंसुद्धा नाहीत. थंड इंजिनवर ती चालवली तर वरच्या हिशेबाने ऑइल आपल्या शेवटच्या तापमानवाढीच्या ५७ टक्क्यांपर्यंतच पोचेल. ती चाचणी धुरासाठी होती, ऑइलसाठी नव्हे, त्यामुळे तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण कुणी तीच सायकल उचलून "आमच्या फिन डिझाइनने ऑइल इतकं थंड राहतं" असं लिहिलं असेल, तर तो पेपर वाचताना थांबा. प्रयोग किती वेळ चालला ते शोधा. डिलिव्हरीवाला मुलगा दुपारी एक ते चार सलग गाडी चालवतो. त्याच्या इंजिनबद्दल दहा मिनिटांचा प्रयोग काहीच सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा: तापलं तर बिघडतं काय? इथे फार अफवा आहेत. "१२० अंशाला ऑइल फाटतं" हे तुम्ही ऐकलं असेल. एक साधं २०डब्ल्यू-५० ऑइल घ्या, ४० अंशाला १६० सेंटिस्टोक आणि १०० अंशाला १८. वॉल्थरच्या समीकरणात हे दोन बिंदू घातले की १२० अंशाला येतात सुमारे ११, आणि १४० ला पावणेआठच्या जवळ. आणि १०डब्ल्यू-३० ऑइलची १०० अंशाची मर्यादा काय? ९.३ ते १२.५. म्हणजे १२० अंशाचं २०डब्ल्यू-५० हे १०० अंशाच्या १०डब्ल्यू-३० इतकंच पातळ असतं, आणि कितीतरी गाड्या १०डब्ल्यू-३० वर सुखाने चालतात. त्यामुळे "फाटतं" हा शब्द सोडून द्या. प्रश्न असा विचारा: तुमचं इंजिन कुठल्या पातळपणासाठी बनवलंय, आणि त्या क्षणी आरपीएम किती आहे?

आरपीएम का? कारण वंगणाचा थर टिकतो तो चिकटपणा गुणिले वेग भागिले दाब यावर. स्ट्रायबेक वक्र अभ्यासात असेलच. घाटात पूर्ण पिळताना ऑइल पातळ असतं, पण वेग आणि पंपाचा प्रवाह दोन्ही जास्त. खरी वाईट वेळ ती नंतरची: घाट चढून आलात, टोलनाक्याच्या रांगेत उभे राहिलात, इंजिन आयडलिंगला. ऑइल सर्वांत पातळ, वेग सर्वांत कमी, पंप क्रँकवरच फिरतो म्हणून तोही मंद, आणि वारा शून्य. माझ्या मते संशोधनाला योग्य जागा हीच आहे, आणि अनेक अभ्यास स्थिर वेगाचे असल्यामुळे नेमकी हीच सुटते.

एक सावधगिरी. कारच्या इंजिनवरचे पेपर वाचून थराच्या जाडीचं गणित थेट उचलू नका. बऱ्याच लहान एकसिलिंडर मोटरसायकलींमध्ये क्रँकला बॉल बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला नीडल रोलर असतात. त्यांचं वंगणशास्त्र कारच्या साध्या बेअरिंगपेक्षा वेगळं आहे. तिथे आधी झीज दिसते ती कॅम-रॉकरला, पिस्टन-रिंगला. वर क्लच आणि गिअरबॉक्सही त्याच ऑइलमध्ये, गिअरचे दात ऑइलचे लांब रेणू कापतात, म्हणजे चिकटपणा तापमानाशिवायही घसरतो. तापमानाचं स्वतःचं मोठं नुकसान म्हणजे ऑक्सिडेशन: ढोबळ नियम असा की दर १० अंशांना वेग दुप्पट. २० अंश जास्त म्हणजे चौपट. कंपनीने सांगितलेला ऑइल बदलायचा पल्ला कुणाच्या गाडीला लागू होतो आणि कुणाच्या नाही, हे इथे ठरतं.

ऑइल कूलरबद्दल थोडक्यात, कारण विचारतात सगळेच. पंख्याशिवायचा कूलर वाऱ्यावरच जगतो. हायवेला उपयोगी, सिग्नलला जवळपास नाही. आणि "ऑइल-कूल्ड" हा शब्द जाहिरातीत सैल वापरतात. सुझुकीने १९८५ च्या जीएसएक्स-आर७५० मध्ये ऑइलचा वेगळा मोठा प्रवाह थेट सिलिंडर हेडवर सोडला होता आणि पिस्टनखाली फवारे दिले होते, ते खरं ऑइलने थंड करणं. सम्पमधून नळी काढून पुढे छोटा रेडिएटर टांगणं ही त्यापेक्षा फार वेगळी गोष्ट.

आता मोजायचं कसं. ड्रेन प्लगमध्ये थर्मोकपल बसवणं सोपं, पण ते धातूला टेकलं तर तुम्ही केसिंग मोजताय. डिपस्टिकचा थर्मामीटर घुसळलेल्या फेसात असू शकतो. मेन गॅलरीत मोजलं तर कामाला जाणारं ऑइल मिळतं, पण केसिंगला भोक पाडावं लागतं. शक्य असेल तर दोन जागा घ्या आणि स्पार्क प्लगच्या वॉशरखाली तिसरी. इग्निशनचा विजेचा गोंगाट थर्मोकपलच्या तारेत शिरतो, म्हणून शील्ड केलेली तार हवी. के-टाइप क्लास १ चीच खात्री ±१.५ अंश असते, मग "आमच्या ऑइलने तापमान ३ अंशांनी घटलं" हा निष्कर्ष किती मजबूत ते तुम्हीच ठरवा. आणि नुसतं तापमान कधीही लिहू नका, हवेपेक्षा किती वर ते लिहा. मे महिन्यातलं नागपूर आणि डिसेंबरातलं महाबळेश्वर यांच्या आकड्यांची तुलना त्याशिवाय होत नाही. अर्थात चिकटपणा ठरतो तो प्रत्यक्ष तापमानावर, त्यामुळे दोन्ही रकाने ठेवा.

आणि रकाना वरच्या टोकाचाच नको. थंडीत, कामावर जायला चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, त्यातही थर्मोस्टॅटशिवायचा कूलर असेल तर, ऑइल पुरेसं तापतच नाही. ज्वलनातून आलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही. ऑइल फिलरचं झाकण उघडा, आतल्या बाजूला पांढरट मलईसारखा थर दिसला तर तो हाच. म्हणून "तापमान कमी करणे" खोडून "तापमान एका पट्ट्यात ठेवणे" लिहा, आणि त्या पट्ट्याची खालची मर्यादा तुम्ही कशावरून ठरवली याचं उत्तर गाईडकडे जाण्याआधी तयार ठेवा. पहिला प्रश्न बहुधा तोच येईल.