‘एक्स’ची घरं

पोलिओ मोहीम म्हटलं की बूथ, लशीची निळी पेटी आणि बाळाच्या डाव्या करंगळीवरची शाई डोळ्यांसमोर येते. पण बूथवर आपणहून येणारी मुलं सोपी. उरलेल्यांसाठी घरोघरी फिरावं लागतं आणि ते कसं फिरायचं, हे आधीच मायक्रोप्लॅनमध्ये ठरलेलं असतं.

कागद दिसायला साधा. टीममध्ये कोण, कोणत्या दिवशी कोणती गल्ली, सुरुवात कुठून, शेवट कुठे. ‘वॉर्ड अमुक’ एवढ्यावर भागत नाही. ‘मारुतीच्या देवळामागच्या पहिल्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत, रस्त्याची उजवी बाजू’ असं लिहावं लागतं. नाहीतर हद्दीवरचा बोळ दोन्ही टीमना दुसरीचा वाटतो आणि तिथली मुलं राहून जातात.

घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की भिंतीवर खडूने ‘पी’. कुलूप असेल, मूल गावाला गेलं असेल, आईबाप नको म्हणाले असतील, तर ‘एक्स’. या घरांची यादी होते आणि तिथे पुन्हा जायचं असतं. मोहिमेचा कस लागतो तो इथेच. सगळीकडे ‘पी’ मारून आलेल्या टीमचं कौतुक करण्याआधी चार दारं पुन्हा ठोठावून बघावीत.

२००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. तेव्हा उत्तर प्रदेशातले ६६ आणि बिहारमधले ४१ असे १०७ ब्लॉक निवडून तिथे जोर लावला गेला. बिहारमधल्या कोसी नदीच्या खोऱ्यात पुरानंतर वस्तीच जागा बदलते. तिथे जुना नकाशा काय कामाचा? २०१० मध्ये नवी द्विसंयुजी लसही आली, तेव्हा सगळं श्रेय कागदाला देता येणार नाही. त्या वर्षी रुग्ण ४२ झाले. नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावडा जिल्ह्यातला.

आपल्याकडची अवघड यादी ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास बीडकडून मजुरांच्या टोळ्या निघतात. गावातल्या घराला कुलूप, म्हणजे ‘एक्स’. आणि कारखान्याजवळच्या त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, तिथल्या कुठल्याच यादीत नाहीत. टीम दिवसा पोचते, तोवर लेकरं आईबापांबरोबर पहाटेच फडावर गेलेली. इथे आराखडा करणाऱ्याने टोळीच्या मुकादमाला गाठावं. उचल (आगाऊ रक्कम) कोणाला दिली, कोणता कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, कोणत्या फडात आहे, हे त्याच्या वहीत असतं.