पिंपातील विज्ञान

प्राणिविज्ञान म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर वाघ, हत्ती आणि अभयारण्ये उभी राहतात. प्रत्यक्षात बहुसंख्य मुलांचा ज्या प्राण्यांशी दररोज संबंध येतो, ते घरातच वास्तव्य करून असतात. शाळेतील ज्ञानाची शाळेबाहेरील जीवनाशी सांगड घालावी, हे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ चे एक प्रमुख सूत्र होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही अनुभवाधारित शिक्षणावर भर देण्यात आला आहे. त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा हवीच असे नाही.

भिंतीवरील पालीचेच पाहा. ती विषारी असल्याचा समज देशभर रूढ आहे; तो खरा नाही. तिच्या विष्ठेतून रोगजंतू पसरू शकतात, म्हणून अन्न झाकून ठेवावे, इतकेच. पाल छताला उलटी चिकटते ती डिंकासारख्या द्रवाने नव्हे. तिच्या बोटांखाली असंख्य सूक्ष्म केस असतात व त्यांची टोके पुन्हा शेकडो शाखांत विभागलेली असतात. ही टोके पृष्ठभागाच्या इतकी निकट जातात, की रेणूंमधील क्षीण आकर्षणाची बेरीज होऊन सर्व शरीर तोलले जाते. ईशान्य भारतातही आढळणाऱ्या टोके जातीच्या पालीवर संशोधन होऊन २००० ते २००२ या काळात हे स्पष्ट झाले.

मात्र मुलांनी सर्वाधिक लक्ष द्यावे ते पाण्याच्या पिंपाकडे. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी नाल्यापेक्षा घरातील साठवलेले स्वच्छ पाणी, कूलर, फुलदाणी, टाकाऊ टायर पसंत करते. ती प्रामुख्याने दिवसा चावते; रक्त तिला अंड्यांच्या वाढीसाठी लागते. नर डास केवळ वनस्पतींचा रस शोषतो! मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतील बाजूस, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर. कोरडी पडली तरी ही अंडी कित्येक महिने टिकतात आणि पाण्याचा स्पर्श होताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळताना पिंप नुसते रिकामे न करता घासून काढावे, असे आरोग्य कर्मचारी सांगतात, ते यासाठीच. कारण उमगलेले मूल भांड्याची कड आपणहून घासते, असे मानावयास हरकत नाही.

काचेच्या बरणीत अशा काही अळ्या घेऊन तोंडावर बारीक कापड घट्ट बांधावे. एडिसची अळी शेपटाकडील श्वासनलिका पृष्ठभागाला लावून डोके खाली करून लटकते. मलेरियाच्या अ‍ॅनाफिलिस डासाची अळी पाण्याला समांतर पडून राहते. हा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. पुढे स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष तयार होतो. तो काही खात नाही, पण चाहूल लागताच चपळाईने खाली बुडी मारतो. सिकंदराबाद येथे ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना ज्या डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी आढळले, तोही असाच अळीपासून वाढवलेला होता.

अनुकूल हवामानात अळीचा डास होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून हे निरीक्षण शिक्षक वा पालकांच्या देखरेखीखालीच व्हावे. कोष दिसू लागताच बरणीतील पाणी उन्हात, कोरड्या जमिनीवर ओतून द्यावे आणि बरणीही आतून घासून घ्यावी.