लोहगड : चार दरवाजांची वाट

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे सत्तेचाळिसावे अधिवेशन भरले. त्यात दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या वास्तू एकाच यादीत दाखल झाल्या. एक म्हणजे बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने बांधलेले राजवाडे. त्यांत नॉयश्वानस्टाइन आहे, आणि त्याचे उंच पांढरे मनोरे परीकथेतला किल्ला म्हणून जगभरच्या मुलांच्या ओळखीचे आहेत. दुसरी नोंद मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची. त्यांतला जिंजी तमिळनाडूत, बाकीचे अकरा महाराष्ट्रात. आणि त्या अकरांत आपल्या मावळातला लोहगड.

नॉयश्वानस्टाइनचे काम १८६९ मध्ये सुरू झाले. तोवर युरोपात अशा किल्ल्यांचे लढाईतले दिवस सरले होते. त्याची पहिली चित्रे काढली ती क्रिस्टियान यांक या रंगभूमीचे देखावे रंगवणाऱ्या चित्रकाराने. राजाला एक स्वप्न डोळ्यांसमोर उभे करायचे होते आणि ते त्याने केले. ती वास्तू सुंदर आहे, पण ती बघण्यासाठीच बांधलेली आहे. लोहगड बांधला तो परक्या माणसाने आत येऊ नये म्हणून. मुलांना घेऊन एक दिवस किल्ल्यावर घालवायचा तर हा फरक फार मोलाचा आहे. बघण्यासाठी बांधलेला किल्ला मुले बघतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. अडवण्यासाठी बांधलेला किल्ला मात्र त्यांना प्रश्न विचारायला लावतो. ही वाट अशी का वळते? हे भोक कशासाठी? वर एवढे पाणी कुठून आले? लोहगडाच्या दगडांत या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आहे, आणि बरेचसे शाबूत आहे.

लोणावळ्याला येणारी बहुतेक कुटुंबे भुशी धरण, टायगर पॉइंट, चिक्कीची खरेदी एवढे करून परततात. पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरले, की दक्षिणेला दोन डोंगर शेजारी शेजारी दिसतात : लोहगड आणि विसापूर. एक्सप्रेस वे ओलांडून भाजे गावातून चालत गेले, तर वाटेत डावीकडच्या डोंगरात भाज्याची लेणी लागतात. पुढे चढ चढून गायमुख खिंडीत पोचायचे. खिंडीतून उजवीकडे लोहगडवाडी. ज्यांच्याबरोबर आजीआजोबा आहेत किंवा कडेवरचे मूल आहे, त्यांनी गाडी थेट लोहगडवाडीपर्यंत न्यावी. रस्ता तिथवर जातो. तिथून पुढे पायऱ्या आहेत आणि त्या शेवटपर्यंत बांधलेल्या आहेत. गुडघेदुखीचा त्रास नसलेली आजी सावकाश चढते. मावळातल्या किल्ल्यांत घरातल्या सगळ्या पिढ्यांना एकत्र नेता येईल असा दुसरा गड मला तरी सुचत नाही.

हा गड इथे का, हे आधी मुलांना सांगावे. कल्याण, चौल या बंदरांत उतरलेला माल बोरघाटातून देशावर चढत असे. भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी त्याच वाटेच्या आधाराने कोरली गेली. ज्याच्या हातात लोहगड त्याची नजर घाटावर, आणि दक्षिणेकडून पवन मावळावर. शिवाजी महाराजांनी तो घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये पुन्हा जिंकला. सुरतेची लूट नेताजी पालकरांनी याच गडावर आणून ठेवली असे सांगतात. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी तो कान्होजी आंग्र्यांकडे दिला, १७२० मध्ये तो पेशव्यांकडे आला, आणि १७७० मध्ये नाना फडणवीसांनी जावजी बांबळे यांच्याकरवी ताब्यात घेतला. आज जो लोहगड आपण चढतो त्यावर नानांचा हात ठिकठिकाणी दिसतो.

आता दरवाजे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात. त्यांना जोडणारी वाट डोंगराच्या उतारावर नागमोडी वळणे घेत वर जाते. लोहगडाचे सारे कसब या वाटेत आहे, म्हणून इथे घाई करू नये.

पहिला गणेश दरवाजा. दुरून पाहिले तर दोन बुरूज दिसतात, दरवाजा दिसतच नाही. तो बुरुजांच्या आड वळवून ठेवलेला आहे. तोफ लावायची तर समोर सरळ जागा हवी, हत्तीने धडक द्यायची तर त्याला धावायला अंतर हवे. दोन्ही मिळू नये अशी ही रचना. बुरुजांच्या कवेत शिरल्याशिवाय दरवाजा समोर येत नाही, आणि तिथे शिरलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना, डोक्यावर, गडकऱ्यांची माणसे उभी. मुलांना तिथे थांबवून वर बघायला सांगावे. तटावरच्या चर्या आणि जंग्या, म्हणजे मारा करायची भोके, खालून कशा दिसतात ते एकदा पाहिले, की लढाई म्हणजे काय याचा अंदाज त्यांना पुस्तकाशिवाय येतो.

या दरवाजाच्या बांधकामाच्या वेळी साबळे घराण्यातल्या एका जोडप्याचा बळी दिला आणि त्याबदल्यात त्यांच्या वंशजांना लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, असे गावात सांगतात. लहान मुलांना ही गोष्ट चढताना सांगू नये असे मला वाटते. थोडी मोठी झाली की जरूर सांगावी. किल्ल्याच्या पायात कोण गाडले गेले, हेही किल्ल्याच्या इतिहासातच मोडते.

गणेश दरवाजातून आत गेले म्हणजे गड मिळाला असे नाही. आत आलेला माणूस दोन भिंतींमधल्या अरुंद वाटेत सापडतो. एका अंगाला तट, दुसऱ्या अंगाला कडा किंवा वरची तटबंदी. वाट वळते आणि नानांनी बांधलेला नारायण दरवाजा येतो. पुन्हा वळते, मग हनुमान दरवाजा. चारही दरवाजांत हा सर्वांत जुना. त्यानंतर नानांच्याच काळचा महादरवाजा, त्यावर मारुतीची मूर्ती कोरलेली. प्रत्येक दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. दाराच्या मागे भिंतीत अडसराची खोबण दिसते. मुलांना तिच्यात हात घालून बघू द्यावा. हात कुठवर जातो त्यावरून अडसराचे लाकूड केवढे असेल ते त्यांना कळते. पहिला दरवाजा फुटला तरी दुसरा बंद, दुसरा फुटला तरी तिसरा, आणि या साऱ्या वेळात वरून दगड, बाण, बंदुकीचा मारा चालू. वाट पायऱ्यांची असल्याने हल्ला करणाऱ्याची धाप आधीच लागलेली. इतक्या थोड्या जागेत, फक्त वळण, उंची आणि दगड यांच्या जोरावर, मूठभर माणसांनी मोठी फौज थोपवायची हे गणित ज्यांनी मांडले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्या गवंड्यांची, पाथरवटांची नावे कुठे कोरलेली नाहीत.

महादरवाजातून वर आल्यावर मागे वळून खाली पाहावे. आपण आलो ती सगळी वाट, बुरूज आणि दरवाजांसकट, पायाखाली उलगडलेली दिसते. घरच्या सगळ्यांनी इथे थोडा वेळ बसावे.

ही वाट आजही माणसे अडवते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी हजारो लोक एकाच वेळी गडावर येतात. चढणारे आणि उतरणारे त्याच अरुंद पायऱ्यांवर समोरासमोर येतात आणि दरवाजांत गर्दी तुंबते. ओल्या दगडावर, लहान मुलांना घेऊन, तासन्‌तास तसे उभे राहणे धोक्याचे आहे. म्हणून आग्रहाने सांगते : जुलै-ऑगस्टच्या रविवारी कुटुंबाला घेऊन इथे येऊ नका. आठवड्यातला मधला दिवस निवडा, किंवा पाऊस ओसरू द्या. सप्टेंबरअखेरीस सोनकीने उतार पिवळे होतात, वाट वाळू लागलेली असते आणि दम खात चढता येते. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. दगडावर नाव कोरणे हा गुन्हा आहे, हेही मुलांना दरवाजातच सांगून ठेवावे.

नारायण दरवाजाजवळ एक भुयारी कोठार आहे. तिथे भात आणि नाचणी साठवत. भात आणि नाचणी हीच मावळची पिके. गडाच्या पायथ्याच्या खाचरांत पिकलेले धान्य गडाच्या पोटात येऊन बसे. वेढा पडला की लढाई तलवारीपेक्षा या कोठारावर आणि पाण्यावर चाले. लोहगड पाण्याने श्रीमंत आहे. वरच्या पठारावर खडकात खोदलेली टाकी आहेत, तळे आहे, आणि नानांनी बांधलेले सोळा कोनांचे मोठे टाके आहे. मुलांनी त्याचे कोन मोजल्याशिवाय पुढे जायचे नाही असा नियमच करावा. नानांनी १७८९ मध्ये, म्हणजे शके १७११ मध्ये, गडावर बाव बांधून घेतली आणि तसा शिलालेख कोरवला. त्यात काम पाहणारे म्हणून धोंडोपंत नित्सुरे यांचे नाव येते. हे नाव लक्षात ठेवावे.

पाण्याची ही गोष्ट नानांच्याही फार मागे जाते. लोहगडाच्या पूर्वेकडच्या कड्यातल्या एका गुहेत ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख आहे. २०१९ मध्ये तो अभ्यासकांसमोर आला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख अरिहंतांना वंदन करून सुरू होतो. इदरखित नावाच्या दात्याने पाण्याच्या टाक्याचे दान दिल्याची नोंद त्यात आहे. मावळातल्याच पाले गावच्या गुहेतल्या लेखातही हेच नाव येते. गडाला तट नव्हता, दरवाजे नव्हते, तेव्हा या कड्यावर जैन मुनी राहत आणि कुणीतरी त्यांच्यासाठी खडकात पाणी राखून ठेवले होते.

परीकथेतल्या किल्ल्यात राजकन्या असते, आणि ‘इथे कोण राहायचे?’ हा मुलींचा प्रश्न हमखास येतो. लोहगडापाशी त्याचे खरे उत्तर आहे. नाना फडणवीस मार्च १८०० मध्ये वारले तेव्हा त्यांच्या पत्नी जिऊबाई अजून लहान मुलगीच होत्या. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा काळ, नानांच्या संपत्तीवर सगळ्यांचे डोळे. अशा वेळी लोहगडाचा किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे नानांच्या घराण्याशी इमान राखून गड सोडायला तयार नव्हता. जिऊबाईंना त्याच्याच आश्रयाने या गडावर राहावे लागले. ज्या दरवाजांची वाट आपण चढून आलो ती त्या काळात एका पोरक्या मुलीला पुण्यापासून वाचवत होती. पुढे इंग्रजांच्या जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. गड बाजीरावाकडे गेला, आणि जिऊबाई वर्षाला बारा हजार रुपयांच्या नेमणुकीवर इंग्रजांच्या संरक्षणात पनवेलला गेल्या. या गोष्टीत राजपुत्र नाही, लग्न नाही. बालपणीच लग्न आणि वैधव्य दोन्ही होऊन गेले आहे. तरी माझ्या भाचीने ही गोष्ट ज्या एकाग्रतेने ऐकली तशी दुसरी कुठलीच ऐकली नाही. जिऊबाई कुठे निजायची, तिच्याशी खेळायला कोण होते, असे भाचीचे प्रश्न होते. गडावर लक्ष्मी कोठी नावाच्या खडकात खोदलेल्या मोठ्या खोल्या आहेत. त्यांच्या गारव्यात बसून या प्रश्नांवर बोलता येते. उत्तरे कुठल्या कागदात सापडतील असे नाही, पण प्रश्न अगदी योग्य आहेत.

माथ्यावर महादेवाचे देऊळ आहे, दर्गा आहे, मोकळे पठार आहे, आणि पश्चिमेला विंचूकाटा. ही डोंगराची लांब, चिंचोळी माची आहे, सुमारे दीड हजार मीटर लांब आणि तीसेक मीटर रुंद, वरून पाहिली की नांगीसारखी दिसते. तिच्यावर जायला खडकाचा एक टप्पा उतरावा लागतो. मोठ्या मुलांनी हात धरून, वाळलेल्या दिवसांत जावे. लहानग्यांना आणि आजींना वरूनच दाखवावी. तिथून पवना धरणाचे पाणी, तुंग आणि तिकोना दिसतात. गडकऱ्यांना टेहळणीसाठी हेच हवे होते.

जेवण लोहगडवाडीत. चढण्याआधीच एखाद्या घरी सांगून ठेवले की उतरेपर्यंत पिठले, भाकरी, ठेचा, कांदा तयार असतो. गावातली बरीच घरे आता या पाहुण्यांवर चालतात, तेव्हा लोणावळ्याच्या हॉटेलात जाण्याची घाई करू नये.

जेवताना मुलांपैकी कुणीतरी विचारतेच : एवढा मजबूत गड, मग तो पडला कसा? उत्तर पूर्वेला समोरच उभे आहे. विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे, आणि मध्ये फक्त गायमुख खिंड. चार दरवाजांची ती सगळी युक्ती पायी चढून येणाऱ्यासाठी होती; शेजारच्या उंच डोंगरावरून येणाऱ्या तोफेच्या गोळ्याला वळण घ्यावे लागत नाही. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या फौजेने आधी विसापूर घेतला. तो हातचा जाताच लोहगडावरच्या शिबंदीने दुसऱ्या दिवशी गड सोडला. दरवाजे लढलेच नाहीत, म्हणून ते आज आपल्याला धड दिसतात. विसापूरचे दरवाजे इंग्रजांनी सुरुंग लावून उडवले. त्यामुळे तिकडे वाट ओढ्यातून, मोठ्या दगडांवरून जाते. वर पोचल्यावर लांबच लांब तट भेटतो. ती चढाई लहान मुलांची नाही. मुले दहा-बारा वर्षांची झाली की हिवाळ्यात एक वेगळा दिवस काढून त्यांना विसापूरवर न्यावे, आणि प्रॉथरच्या तोफांना लोहगड तिथून कसा दिसला असेल ते त्यांचे त्यांना पाहू द्यावे.