पेटी सोबत, किल्ली घरी

माझ्यासारखी फिरती माणसं हल्ली पेनड्राइव्ह खिशात बाळगतात. माझ्या पेनड्राइव्हमध्ये कविता असतात, आणि ब्राउझरही असतो. परगावी गेलो की यजमानांच्या संगणकाला तो जोडायचा आणि आपली पत्रं पाहायची. पण घरी ‘लक्षात ठेव’ असं बजावलेलं संकेतस्थळ तिथं पुन्हा विचारतं, ‘आपण कोण?’ असं का होतं?

मुळात संकेतस्थळाला चेहरा ओळखता येत नाही. जत्रेत किंवा उरुसात चपला सांभाळणारा बिल्ला पाहतो, माणूस नव्हे. इथंही तसंच. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी असा बिल्ला शोधून काढला. त्याला कुकी म्हणतात. आपण पासवर्ड दिला की संकेतस्थळ कुकी देतं. ब्राउझर ती जपतो आणि पुढच्या वेळी दाखवतो.

मग पेनड्राइव्हमधला बिल्ला का चालत नाही? क्रोमचं उदाहरण घ्या. विंडोजवर क्रोम कुकी आणि पासवर्ड कुलूपबंद ठेवतो, आणि त्या कुलपाची किल्ली त्या संगणकावरच्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. पेनड्राइव्हबरोबर पेटी येते, किल्ली घरीच राहते. फायरफॉक्स कुकींना असं कुलूप लावत नाही, म्हणून त्याचे बिल्ले सहसा सोबत येतात. तरीही काही संकेतस्थळं नवा संगणक, नवं गाव पाहून सावध होतात आणि मोबाइलवर ओटीपी पाठवतात. काही बिल्ल्यांची मुदत ब्राउझर बंद करेपर्यंतच असते. आणि ब्राउझर चालू असतानाच पेनड्राइव्ह उपसला, तर नवा बिल्ला त्यावर लिहिलाच न जाण्याची शक्यता असते.

हा विसर त्रासाचा, हे खरं. पण पेनड्राइव्ह केवढा? अंगठ्याएवढा. एसटीत, रिक्षात पडायला वेळ लागत नाही. कुलूप नसलेली कुकी ज्याच्या हाती लागेल, त्याला अनेक संकेतस्थळं पासवर्ड न विचारताच आत घेतील. चपलांचा बिल्ला हरवला तर फार तर जोडा जाईल. इथं आपली खासगी पत्रं दुसरा वाचेल, आपल्या नावानं कुणालाही पत्र लिहील.

म्हणून बँकेचं आणि ईमेलचं लॉगिन पेनड्राइव्हमध्ये साठवू नये. काम झालं की ‘लॉगआउट’ करावं, ब्राउझर बंद करावा, मगच पेनड्राइव्ह काढावा. फायरफॉक्समध्ये मुख्य पासवर्ड ठेवता येतो. तो साठवलेल्या पासवर्डांचं रक्षण करतो, कुकींचं मात्र नाही. पेनड्राइव्ह हरवलाच, तर त्याच दिवशी दुसऱ्या संगणकावरून खात्यात शिरून पासवर्ड बदलावा आणि सर्व उपकरणांवरून लॉगआउट करण्याची सोय वापरावी. म्हणजे जुने बिल्ले रद्द होतात.

एवढी काळजी घेतली, तर परक्या संगणकानं पुन्हा नाव विचारलं म्हणून चिडायचं कारण उरत नाही.