बालक बोलेल म्हणून थांबू नका

“आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात,” असा दिलासा वडीलधारी मंडळी प्रेमाने देतात. पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु ज्या बालकाच्या बाबतीत तो खरा ठरत नाही, त्याची मोलाची वर्षे या दिलाशातच निघून जातात.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा आईच्या संगोपनातील दोष नव्हे आणि लसीकरणाचा परिणामही नव्हे. ती मेंदूच्या विकासाची वेगळी घडण आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदू अत्यंत वेगाने घडत असल्याने त्या काळातील आधार विशेष फलदायी ठरतो.

नऊ महिन्यांनंतरही नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणे, वर्ष उलटले तरी निरोपाचा हात न हलवणे, दीड वर्षानंतरही आवडलेली वस्तू बोटाने न दाखवणे, आलेले शब्द पुन्हा हरवणे, या खुणा दिसल्यास तपासणी करून घ्यावी. प्रथम श्रवणचाचणी करावी आणि विकासविषयक बालरोगतज्ज्ञांना भेटावे. अंतिम निदानाची वाट पाहत उपचार थांबवू नयेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत अनेक जिल्ह्यांत शासकीय रुग्णालयाशी जोडलेले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. पहिली चौकशी तेथे करावी. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत लहान बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. ‘उम्मीद’ ही संस्थाही २००१ पासून बालविकासाचे कार्य करते. स्वमग्नतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात असून, राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते.

बालकाच्या गरजेनुसार वाचोपचार, ऑक्युपेशनल थेरपी आणि वर्तनविषयक मार्गदर्शन यांची सांगड घातली जाते. केंद्र निवडताना व्यापाऱ्याची चोखंदळ नजर ठेवावी. पालकांना सत्रात बसू देतात का? उद्दिष्टे लिहून देतात का? घरी काय करावे हे शिकवतात का? “पूर्ण बरे करू” अशी हमी देणाऱ्यापासून आणि स्टेम सेलसारख्या खर्चिक, अप्रमाणित उपायांपासून दूरच राहावे.

उपचारकेंद्रातील तास संपतो. उरलेला दिवस घराचा असतो. येथे एकत्र कुटुंब हे आपले मोठे भांडवल आहे. आजीने आवडत्या खाऊची वाटी लगेच हाती न देता, बालक नजरेने वा बोटाने मागेल म्हणून क्षणभर थांबावे. आजोबांनी रोज तोच छोटा खेळ खेळावा. मंदिरातील घंटानाद सहन होत नसेल, तर शांत वेळी दर्शनाला न्यावे.

तरीही काही घरांत भावंडांच्या सोयरिकीच्या चिंतेने बालकाला लपवले जाते, तर काही घरांत पूर्वकर्माचा उदय म्हणून स्वस्थ बसले जाते. परंतु आपला कर्मसिद्धांत पुरुषार्थ नाकारत नाही. शंका घेऊन केलेली तपासणी अनावश्यक ठरली, तर एक दिवस जाईल. न केलेली तपासणी आवश्यक होती असे ठरले, तर बालपण जाईल. थकलेल्या उधारीचा तगादा आपण वेळीच लावतो. बालकाच्या बाबतीतही तीच तत्परता हवी.